काटा खरा की सराफ खरे? वजन आणि वस्तुमानाची गोष्ट

इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी आजच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलल्यासारखाच ठेवलाय, तेव्हा वाचतानाही ऐकल्यासारखंच वाटेल.

आजचा विषय शाळेतला आहे, पण गोष्ट आमच्या घरातली आहे. आणि त्यात सोनं आहे!

माझा दादा लंडनला असतो. मागच्या वेळी सांगलीला घरी येताना त्याने आईसाठी एक छोटा डिजिटल काटा आणला. तळहातावर मावेल एवढा, ०.०१ ग्रॅमपर्यंत आकडा दाखवणारा. सोबत १०० ग्रॅमचं एक चकचकीत स्टीलचं वजन. दादाने तिथेच ते वजन ठेवून, बटण दाबून काटा कॅलिब्रेट केला होता. म्हणजे आईला काही त्रास नको!

आता आमच्या घरात माझ्या लग्नाची तयारी चाललेली. पाटल्या नुकत्याच करून आणलेल्या. आईने काय केलं असेल? बरोबर. पाटल्या काट्यावर ठेवल्या. पावतीवर होतं ४०.०५ ग्रॅम. काटा म्हणाला ३९.९३.

०.१२ ग्रॅम कमी. ऐकायला किरकोळ, पण सोन्याच्या आजच्या भावाने हे हजार रुपयांच्या वर जातं. आणि प्रश्न नुसत्या पैशांचा नव्हता. हे सराफकाका आईच्या स्वतःच्या लग्नापासूनचे. रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "अगं, मी त्यांना काही बोलणार नाही. पण मंगळसूत्र आता दुसरीकडे करू."

मला ते लागलं. भांडण झालं असतं तर निदान काकांना आपली बाजू तरी मांडता आली असती. इथे न बोलताच निकाल लागला होता.

म्हटलं, "आई, एक काम कर. व्हिडिओ कॉल लाव आणि पाटल्या बाजूला ठेव. आधी ते स्टीलचं वजन काट्यावर ठेव."

तिने ठेवलं. आकडा आला ९९.७१.

आता सांगा, त्या स्टीलच्या वजनातून कुणी काही काढून घेतलं होतं का? लंडनमध्ये जे बरोब्बर १०० ग्रॅम दिसत होतं, ते सांगलीत पाव ग्रॅमहून जास्त 'हलकं' कसं झालं?

इथे येतात आपले दोन शब्द. वस्तुमान म्हणजे वस्तूत द्रव्य किती आहे ते. पाटल्यांमध्ये जेवढं सोनं आहे तेवढं सांगलीत, लंडनमध्ये, चंद्रावर, कुठेही तेवढंच. हे किलो-ग्रॅममध्ये मोजतात. वजन म्हणजे त्या वस्तूला पृथ्वी खाली किती जोराने ओढते ते. ते बल आहे, म्हणून त्याचं शास्त्रीय एकक न्यूटन. वस्तुमानाला g ने, म्हणजे त्या जागच्या गुरुत्व त्वरणाने गुणलं की वजन मिळतं.

शाळेत आपण g म्हणजे ९.८ लिहून मोकळे झालो. पण g सगळीकडे सारखा नसतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली आहे. त्यामुळे विषुववृत्तावर g साधारण ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३. उंचावर गेलात की तो आणखी थोडा कमी होतो. लंडनला तो ९.८१ च्या आसपास, सांगलीत ९.७८ च्या. फरक सुमारे ०.३ टक्के. आता ४० ग्रॅमचे ०.३ टक्के काढा. ०.१२ ग्रॅम! आईच्या पाटल्यांमधून 'गायब' झालेलं सोनं नेमकं तेवढंच.

पण काटा तर ग्रॅम दाखवतो, न्यूटन नाही. मग?

इथे माझ्यातली इंजिनिअर जागी होते. डिजिटल काट्याच्या आत लोड सेल असतो. धातूचा एक तुकडा, वर भार आला की अगदी किंचित वाकणारा. त्याला चिकटवलेल्या बारीक पट्टीचा विद्युतरोध वाकण्याबरोबर बदलतो आणि चिप तो बदल वाचते. म्हणजे काट्याला कळतं फक्त बल. ग्रॅमचा आकडा तो हिशोब करून सांगतो. कॅलिब्रेट करताना आपण त्याला शिकवलेलं असतं की 'एवढं बल आलं म्हणजे १०० ग्रॅम समज'. दादाने हे लंडनमध्ये शिकवलं. सांगलीत पृथ्वी जरा कमी ओढते, हे बिचाऱ्या काट्याला कोण सांगणार? आमच्या भाषेत सांगायचं तर लंडनची व्हॅल्यू हार्डकोड करून कोड सांगलीत डिप्लॉय केला. बग येणारच!

आता जुना दोन पारड्यांचा तराजू आठवा. एका पारड्यात सोनं, दुसऱ्यात माप. पृथ्वी कमी ओढो की जास्त, दोन्ही पारड्यांना सारखंच ओढते. त्यामुळे तराजू खऱ्या अर्थाने वस्तुमानाची तुलना करतो. चंद्रावर g पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश. तिथे दादाचा काटा ६० ग्रॅमच्या वस्तूला १० ग्रॅम म्हणेल, तराजू मात्र ६० ग्रॅमच सांगेल. पूर्वी सराफ गुंजांनी सोनं तोलायचे, त्या पद्धतीला निदान हा बग नव्हता.

आणि ज्या फोनवर तुम्ही हे वाचताय, त्यातही बल ओळखणारा सेन्सर आहे. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप घ्या, त्यात त्वरण मोजायचा प्रयोग उघडा आणि फोन तळहातावर आडवा धरून लिफ्टमध्ये उभे राहा. स्थिर असताना आकडा ९.८ च्या जवळ. लिफ्ट वर निघाली की क्षणभर वाढतो, वर जाऊन थांबताना कमी होतो. त्या क्षणी पायाखाली वजनकाटा असता तर त्यानेही तुम्हाला आधी जड, मग हलकं ठरवलं असतं. तुमच्या अंगातलं द्रव्य मात्र तेवढंच. (डाएट एवढं सोपं असतं तर काय हवं होतं!)

मग बाजारातल्या काट्यांवर विश्वास ठेवायचा की नाही? ठेवायचा, पण कशामुळे ते कळायला हवं. दुकानातले इलेक्ट्रॉनिक काटे वैधमापन विभागाकडून दरवर्षी तपासून मुद्रांकित करून घ्यावे लागतात. काट्यावर प्रमाणित वजनं ठेवून आकडा बघतात. ही तपासणी आपल्याकडच्याच g मध्ये होते, म्हणून काटा ग्रॅम म्हणतो तेव्हा ते खरंच वस्तुमान असतं. पुढच्या वेळी सोनं घेताना काट्यावरचं सील आणि प्रमाणपत्राची तारीख नक्की बघा. तो आपला हक्क आहे, त्यात लाजायचं काही नाही.

आणि घरचा काटा? तो दुसऱ्या गावाहून आणला, प्रवासात आपटला, थंडीतून उन्हात आला, की आधी त्याचीच परीक्षा घ्या. माहीत असलेलं वजन ठेवा आणि आकडा बघा. चुकला तर जिथे वापरणार तिथेच पुन्हा कॅलिब्रेट करा.

त्या रात्री आईने तेच केलं. बटण दाबलं, स्टीलचं वजन ठेवलं, काटा १००.०० वर आणला. मग पाटल्या ठेवल्या.

४०.०५.

फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग आई म्हणाली, "बरं झालं बाई, मी त्यांना काही बोलले नाही ते."

मंगळसूत्र सराफकाकांकडेच केलं. आपल्या पाटल्यांवरून एवढं रामायण झालं, याचा त्यांना अजून पत्ता नाही. तुमच्यापैकी कुणी सांगलीचं असेल तर कृपया तोंड बंद ठेवा!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर लिफ्टचा प्रयोग करून बघा आणि काय आकडा आला ते कळवा.