काळजी कोरड्या दुपट्याची करा

जुलैत घाटकोपर-मुलुंडच्या फ्लॅटमध्ये दुपटी वाळता वाळत नाहीत. खिडकीच्या ग्रिलवर, मग पंख्याखाली, शेवटी इस्त्रीखाली. मग रात्रीत चार-पाच दुपटी भिजवणाऱ्या तान्ह्याबद्दल कुरकुर सुरू होते आणि कुणीतरी उपाय सांगतं, ‘रात्रीचं दूध कमी करा.’ सगळ्या सल्ल्यांत घातक सल्ला हाच.

नवजात बाळाच्या मूत्राशयात जेमतेम 30 मिली लघवी मावते, म्हणजे दोन मोठे चमचे. मोठ्या माणसाइतकी दाट लघवी करणं त्याच्या मूत्रपिंडांना अजून जमत नाही. आपल्याला रात्री फारसं उठावं लागत नाही ते व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकामुळे. झोपेत ते वाढतं आणि लघवी कमी तयार होते. ही लय बाळात जन्मतः नसते, सावकाश बसते. त्यात दर दोन-तीन तासांनी दूध. शू होणारच, आणि व्हायलाच हवी. पहिला आठवडा सरताना 24 तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरतंय असं समजा.

‘उकडतंय, पाणी पाजा’ हेही नको. आईच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत मे महिन्यातही वरचं पाणी लागत नाही. शू करण्याआधी बाळ रडलं की ‘जळजळतंय’ असं ठरवून टाकतात. पुष्कळ बाळं शूच्या आधी नुसतीच कुरकुरतात आणि झाली की शांत होतात.

‘वर्षाचं झालं, तरी रात्री भिजवतं!’ पाच वर्षांपर्यंत याला आजार म्हणतच नाहीत. पाचव्या वर्षीही साधारण 15 टक्के मुलं अंथरूण ओलं करतात. शिवाय हे बरंचसं आनुवंशिक असतं. तेव्हा बाळाच्या बाबांनी कितव्या वर्षापर्यंत गादी भिजवली, हे आजीला जरूर विचारा.

काळजीची लक्षणं वेगळी. सहा-आठ तास दुपटं कोरडंच, बाळ मलूल, दूध ओढत नाही. मुलग्याची लघवी धारेने न पडता सतत थेंब-थेंब गळते. मूत्रमार्गात जन्मजात अडथळा असू शकतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप. लघवीच्या संसर्गात कधीकधी दुसरं लक्षणच दिसत नाही. अशा वेळी घाटकोपरकरांनी राजावाडी, अंधेरीकरांनी कूपर रुग्णालय किंवा जवळचा बालरोगतज्ज्ञ गाठावा. सकाळची वाट पाहू नये.