शेवटचा शब्द कोणाचा?

मलप्रभेच्या उगमाचे आमचे कणकुंबी गाव कर्नाटकात आहे. येथला रुग्ण कधी बेळगावास जातो, तर कधी चोर्ला घाट उतरून गोव्यातील बांबोळीस. सीमा ओलांडली की राज्य बदलते, कागदांची भाषा बदलते. मग मरणासन्न माणसाविषयीची नीतीही बदलते काय?

मातोश्रींच्या अखेरच्या आजारात हा प्रश्न आमच्या दारी आला. श्वासाचे यंत्र लावण्यासाठी इंग्रजी संमतिपत्रावर आम्ही सही केली. आई तोवर शुद्धीवर होती. तिला काय हवे, हे कोणी विचारले नाही, आम्हीही नाही.

या प्रश्नाला देशात वाचा फुटली ती अरुणा शानबाग यांच्यामुळे. उत्तर कन्नडमधील हळदीपूरच्या या परिचारिकेवर १९७३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अत्याचार झाला आणि पुढची ४२ वर्षे त्या अंथरुणाला खिळून राहिल्या. उपचार थांबवावेत, या याचिकेस त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनीच विरोध केला. दोन्ही बाजूंना करुणाच होती. ठाऊक नव्हती ती अरुणांची इच्छा. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती विनंती नाकारली, पण निरर्थक उपचार थांबविण्याची वाट तत्त्वतः मोकळी केली. २०१८ साली त्याच न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य करून, आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली. तिची अंमलबजावणी गोव्यात २०२४ साली सुरू झाली, तर कर्नाटक सरकारचे परिपत्रक २०२५च्या जानेवारीत निघाले.

मतभेद मिटले, असे मात्र नव्हे. नेदरलँड्सच्या २००२च्या कायद्याने डॉक्टरांस काही अटींवर मृत्यू देता येतो. आपल्याकडे तो गुन्हाच आहे. निपाणी-बेळगाव भागातील आमचे जैन बांधव सल्लेखनेस व्रत मानतात. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ साली ती बेकायदा ठरविली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली.

सर्वांचे उत्तर एक व्हावे, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. परंतु ज्याचे मरण त्याला आधी विचारावे, त्याच्याच भाषेत विचारावे, एवढे तरी प्रत्येक सीमेपलीकडे चालेल, असे आम्हांस वाटते.

असे इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे लागते. मुख्याध्यापक या नात्याने आम्ही आजवर असंख्य दाखले साक्षांकित केले. हा कागद घेऊन अद्याप कोणी आले नाही. वाचकहो, आमचा स्वतःचाही अजून कोराच आहे.