‘साकु’ म्हणजे ‘पुरे’

माझे माहेर पेडण्याचे आणि सासर बेळगावचे. घरात मराठी, शेजारी कन्नड आणि माहेरी गेले की कोकणी, असा आमचा तीन भाषांचा संसार. या भाषा एकमेकींच्या आड कधी आल्या नाहीत. एकदाच आल्या, त्याही छपरावर.

२०१८ च्या मे महिन्यातली गोष्ट. माहेरच्या जुन्या घराचे वासे वाळवीने पोखरले होते. मृगाच्या आत छप्पर नवे करायचे असे भावाने ठरवले. चिऱ्याच्या भिंती तशाच ठेवून वर लाकडाच्या कैच्या आणि त्यांवर मंगलोरी कौले. कैची म्हणजे दोन तिरपे वासे आणि खाली आडवी तुळई असा भक्कम त्रिकोण. तो जमिनीवर जोडायचा आणि दोरांनी वर घ्यायचा. सुतार आणि दोरावरची माणसे पेडण्याची होती, बाकीचे मजूर बैलहोंगलकडचे.

पहिली कैची बसली. दुसरी भिंतीवर उभी करताना जेमतेम वीस वर्षांचा एक मुलगा वर बसून तिचा पाय सांभाळत होता. कैची सरळ झाली तसा तो ओरडला, “साकु! साकु!” मी मागच्या पडवीत चहा गाळत होते. मला ते कळले, पण दोर धरलेल्यांना कळले नाही. त्यांच्या कानांना ‘पुरो’ची सवय. त्यांनी आणखी एक हिसका दिला. कैची ओळंब्याच्या पलीकडे झुकली आणि त्या मुलाला घेऊन खाली आली.

मांडीचे हाड मोडले. जीव वाचला. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन मलाच घ्यावा लागला, कारण कन्नड येणारी घरात मी एकटीच. “नम्म हुडुग हेंग अदानरी, अक्का?” या प्रश्नाला काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. दवाखान्याचा खर्च भावाने केला. पण घरातल्या कमावत्या मुलाचे गेलेले महिने कोण भरून देणार?

पुढच्या वर्षी डिचोली तालुक्यात, मये इथे मावशीच्या घराचे छप्पर निघाले. तिथे मी सकाळपासून अंगणात ठाण मांडून बसले. तिथला म्हातारा सुतार म्हणाला, “चूक नुसत्या शब्दाची नव्हती, बाय. मागे ओढून धरणारा दोर कुठे होता?” एका बाजूने ओढायचे तर दुसऱ्या बाजूने धरून ठेवणारा दोर हवाच. मग हिसका बसला तरी कैची कलंडत नाही.

त्याची आणखीही शिस्त होती. पहिल्या कैचीला दोन्ही अंगांनी तिरपे टेकू देऊन ती पक्की करायची. पुढची प्रत्येक कैची आडव्या-तिरप्या पट्ट्यांनी आधीच्या कैचीला बांधल्याशिवाय दोर सोडायचा नाही. सुट्या कैच्या पत्त्यांसारख्या असतात, एक पडली की रांग पडते. भिंतीवर पाय ठेवून काम करायचे नाही, त्यासाठी परांची बांधायची. डोक्यावर हेल्मेट हवे. कमरेचा पट्टा असला तरी तो अर्धवट बसवलेल्या कैचीला अडकवण्यात काही अर्थ नाही. वारा सुटला की काम थांबवायचे. कौले चढवताना दोन्ही पाख्यांवर सारखी चढवायची. एक कौल दोन-तीन किलोचे, म्हणजे हजार कौलांचे दोन टनांहून अधिक ओझे एका अंगाला गेले तर सांगाडा तिरपा होतो.

आणि शेवटी त्याने सगळ्यांना गोळा केले. शब्द तीनच ठरले: ओढ, सोड, थांब. कोकणीवाल्यांनी आणि कन्नडवाल्यांनी ते मोठ्याने म्हणून दाखवले. हुकूम एकानेच द्यायचा. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणावे, आणि सर्वांनी थांबावे.

कायद्याचे म्हणाल तर बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा होता. पण दहापेक्षा कमी मजुरांची कामे आणि दहा लाखांपर्यंतचे स्वतःचे राहते घर त्याच्या कक्षेबाहेर होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही लहान कामे बाहेरच राहिली आहेत, आणि राहत्या घरासाठीची मर्यादा ५० लाखांवर गेली आहे. म्हणजे आपल्या अंगणात तपासायला कोणी येणार नाही. तिथले तपासनीस आपणच.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांची घरे गोव्यात आहेत आणि कित्येकांची मुले चोर्ला घाट उतरून तिथे कामाला जातात. दोन्ही भाषा येतात ते आपणच. छपराचे काम निघाले तर चहा जरा उशिरा द्या, पण पहिली कैची उचलण्याआधी अंगणात उभे राहा आणि ‘साकु’ म्हणजे ‘पुरे’ हे सगळ्यांना सांगा. तो मुलगा आता चालतो, पण उंचावर चढत नाही. मृग दरवर्षी येतो. छप्पर आठ दिवस उशिरा झाले तर ताडपत्रीवर भागते.