जाम झालेले इंजिन कसे सुटते?

अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिले असेल. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात दोन्ही महायुद्धांच्या काळातील रणगाडे मांडलेले आहेत. रोल्स-रॉइसची एक जुनी चिलखती मोटारही तेथे आहे. कर्जतहून तेथे नेलेल्या मुलांपैकी एकाने त्या मोटारीपाशी मला विचारले, "सर, पेट्रोल घातले तर जुनी गाडी लगेच चालू होते का?" या प्रश्नाचे उत्तर मला पुढे गावातच मिळाले.

कर्जतमधील एका परिचितांच्या गोठ्याशेजारी, पत्र्याच्या छपरीत, त्यांच्या वडिलांची जीप बावीस वर्षे उभी होती. अमेरिकेतील विलीज कंपनीच्या जीपगाड्या जोडण्याचे काम महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत सुरू केले. ही गाडी त्याच घराण्यातली, पेट्रोलवर चालणारी, पुढून हँडल मारून सुरू करता येणारी होती. आता हँडल तसूभर हलत नव्हते. भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितला होता. मुलाने ठरवले होते, की रविवारी गाडी गिअरमध्ये टाकायची आणि ट्रॅक्टरने ओढायची. सुटली तर सुटली, नाही तर भंगारात. ऐंशी ओलांडलेले वडील "ओढू नका" एवढेच म्हणत होते. त्यांचे म्हणणे बरोबर होते आणि त्यामागे साधे पदार्थविज्ञान होते.

आधी इंजिन जाम का होते ते पाहू. चार सिलिंडरचे इंजिन कोठेही थांबले, तरी बहुधा एखाद्या सिलिंडरची झडप उघडी राहतेच. तेथून बाहेरची हवा आत जाते. दिवसा इंजिन तापते, आतली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर पडते. रात्री थंड झाले की बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणजे उभे इंजिन रोज एक श्वास घेते! पावसाळ्यातल्या सकाळी हवा लवकर गरम होते, पण दीड-दोनशे किलोंचे लोखंड गारच असते. मग गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, तसे ते सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर जमतात. आपला तालुका अवर्षणाचा, तरी एवढे दव पुरेसे होते.

लोखंडाचा गंज झाला, की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. पाणी धरून ठेवणारा गंज तर तिपटीच्या आसपास. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट केसाच्या जाडीएवढी, सुमारे ०.०८ मिलिमीटर असते, आणि पिस्टनवरच्या रिंगा तर भिंतीला टेकलेल्याच असतात. तेथे गंज फुगला, की तो पाचरीसारखा बसतो. चारही पिस्टन एकाच क्रँकला जोडलेले असल्याने एक अडकला तरी सगळे अडकतात. मिस्त्रींनी हेड उघडले तेव्हा हेच दिसले. तीन सिलिंडर बऱ्यापैकी स्वच्छ होते. तिसऱ्यात मात्र तांबूस गंजाचे कडे होते.

आता जोर लावण्याविषयी. या इंजिनात पिस्टन वरून खालपर्यंत १११ मिलिमीटर सरकतो, म्हणजे क्रँकची त्रिज्या त्याच्या निम्मी, सुमारे ५.५ सेंटिमीटर. क्रँकच्या नटाला पाना लावून त्यावर एक मीटर लांबीचा पाइप चढवला आणि टोकाला ४० किलोचा जोर दिला, तर तरफेच्या नियमाने अडलेल्या पिस्टनवर साधारण ७०० किलोचा जोर पडतो. एवढ्यानेही रिंग तुटू शकते. पण पाइपावर हात असतो; कोठे अडते, कोठे किंचित दबते, हे हाताला कळते. ट्रॅक्टरच्या दोराला ते कळत नाही. हिसका बसतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

मग दुसरा उपाय सुचतो : तापवा की! बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती तापवूनच मोठी करतो. पण येथे एक गंमत आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा. तेवढ्याच तापमानवाढीने ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीने प्रसरण पावते. या पिस्टनचा व्यास ७९ मिलिमीटर. सगळे इंजिन १०० अंशांनी तापवले, तर पिस्टन सिलिंडरपेक्षा ०.०९ मिलिमीटरने अधिक वाढेल. म्हणजे होती ती फटही बुजेल! याउलट सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत गरम पाणी हळूहळू ओतले, तर आधी बीड तापते, पिस्टन मागे राहतो, आणि थोडा वेळ फट रुंद होते. आम्ही हेच केले. (एकदम उकळते पाणी ओतू नये, थंड बीड तडकते. आणि इंजिनापाशी जाळ तर कधीच नको.)

खरे काम मात्र तेलाने केले. ते जोराने आत जात नाही, केशाकर्षणाने जाते. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये दाखवले, की अरुंद फटीत द्रवाने कापलेले अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा, पहिल्या तासात तेल १ मिलिमीटर आत गेले. २ मिलिमीटरला ४ तास लागतील. शेवटच्या रिंगेपर्यंत २० मिलिमीटर जायला ४०० तास, म्हणजे जवळजवळ १७ दिवस! मुलाला हा हिशेब कागदावर करून दाखवला, तेव्हा ट्रॅक्टर थांबला.

तेल कोणते? दाट इंजिन ऑइल नव्हे. डिझेलची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, त्याच्या तुलनेत कितीतरी कमी असते. आम्ही चारही पिस्टनच्या माथ्यावर डिझेल ओतले, त्यात थोडे पातळ तेल मिसळले आणि रोज भर घालत राहिलो. एक दिवसाआड गरम पाणी. गार होताना फटीतली हवा आकसते आणि तेलाचा आणखी एक घोट आत जातो. रोज संध्याकाळी तिसऱ्या पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके, आणि पाइपाने एकदा उलटा, एकदा सुलटा, बेताचा जोर.

एकोणिसाव्या दिवशी पाइप बोटभर हलला. आमच्या हिशेबाशी हे जुळले तो योगायोगच म्हणायचा, कारण पहिल्या तासाचा १ मिलिमीटर आम्ही नुसता मानला होता. हलल्यावर मुलाला पूर्ण फेरा मारायची घाई झाली. मिस्त्रींनी अडवले. बोटभर पुढे, बोटभर मागे, पुन्हा डिझेल. असे करत पूर्ण फेरा व्हायला आणखी दोन दिवस गेले.

हेड न उघडता, फक्त प्लग काढून असे तेल घालणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पिस्टन अगदी वर असताना त्याच्यावर सुमारे १०० घनसेंटिमीटर जागा उरते, एका चहाच्या कपाएवढी. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. कपभराहून अधिक तेल आत राहिले आणि प्लग लावून इंजिन फिरवले, तर रॉड वाकलाच समजा. म्हणून आधी प्लग काढून हाताने फिरवायचे, आणि तोंड बाजूला ठेवायचे!

पुढचे काम मिस्त्रींचे. तिसरा सिलिंडर घासून घेतला, रिंगा नव्या टाकल्या, जुने तेल काढून नवे भरले, टाकी धुतली. चौथ्या हँडलला इंजिन लागले. निळसर धूर छपरीभर झाला. वडील खुर्चीवर बसून ऐकत होते. "मिसिंग मारतीय," ते म्हणाले. पाहिले, तर तिसऱ्याचा प्लग तेलाने काळा झाला होता. तो पुसून बसवल्यावर चारही सिलिंडर चालू लागले.