दोन मिनिटांचे पाचशे

कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवायला गेलो, मागून वारा आला आणि लॅच लागलं. अंगात बनियन, पाय अनवाणी, किल्ली आत, फोनही आत. शेजाऱ्यांच्या मोबाइलवर शोधून पहिला दिसला तो नंबर लावला. ‘फक्त २९९’ असं गोड आवाजात सांगितलं गेलं. तासाभराने एक तरुण आला, त्याने कुलपाकडे धड न बघताच ड्रिल काढलं आणि नव्या लॅचसकट ४,८०० रुपये घेऊन गेला. बिल म्हणजे तोंडी आकडा.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या चावीवाल्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “साहेब, दार नुसतं आपटलं होतं ना? किल्ली फिरवली नव्हती ना? मग फोडण्यासारखं काय होतं त्यात?”

म्हणजे ‘लॅच लागलं की फोडावंच लागतं’ हा पहिला गैरसमज माझाच. दार आपटतं तेव्हा फक्त स्प्रिंगवरची तिरकी जीभ चौकटीत बसते; हात बसलेला कारागीर ती बहुतेक वेळा काहीही न मोडता मागे सारतो. किल्लीचे वेढे देऊन बंद केलेलं दार अवघड, कारण तिथे आतल्या पिना किंवा लिव्हर जुळवाव्या लागतात. ड्रिल हा शेवटचा उपाय, आणि त्यानंतरही पुष्कळदा अख्खं लॅच न बदलता नुसता सिलिंडर बदलून भागतं. १८५१ साली लंडनमध्ये आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कारागिराने ब्रामा कंपनीचं अजिंक्य समजलं जाणारं कुलूप उघडलं, त्याला पन्नासेक तास लागले होते. आपल्या फ्लॅटच्या दाराला ब्रामाचं कुलूप नसतं.

‘इंटरनेटवर पहिला दिसतो तो जवळचा’ हा दुसरा. तो नंबर पुष्कळदा दुकानाचा नसतोच. दूरच्या कॉल सेंटरचा असतो. तिथून काम कमिशनवर कुणाकडे तरी ढकललं जातं. गूगलने २०२५च्या मार्चमध्ये अमेरिकेत खोट्या नोंदी करणाऱ्यांवर दावा लावला. आपल्या नावाने कुणीतरी बनावट नोंद केल्याची टेक्सासमधल्या एका कुलूप-व्यावसायिकाची तक्रार हे त्या तपासाचं मूळ, आणि त्यात नकाशावरच्या दहा हजारांहून अधिक बनावट नोंदी सापडल्या. दाराबाहेर अडकलेला माणूस चार ठिकाणी भाव विचारत बसत नाही, हे या मंडळींना पक्कं ठाऊक असतं. परदेशी असलेल्या मुलाबाळांनाही सांगून ठेवा: न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात या धंद्याला परवाना लागतो, तो बघायला मागावा, ब्रिटनमध्ये मात्र परवान्याची अटच नाही.

फोनवरचा आकडा म्हणजे पूर्ण खर्च, असंही आपण धरून चालतो. तो नुसता येण्याचा आकार असू शकतो. ‘उघडण्याचे किती, फोडावं लागलं तर किती, सगळं मिळून किती’ हे आधीच विचारावं आणि मेसेजवर लिहून घ्यावं.

आता ज्या गैरसमजाला आपण सगळेच खतपाणी घालतो तो: ‘दोन मिनिटांच्या कामाला पाचशे? लूट आहे ही!’ वर्तन-अर्थशास्त्रज्ञ डॅन एरिएली एका कुलूपवाल्याची गोष्ट सांगतात. शिकाऊ असताना तो बराच वेळ झटायचा, कधी कुलूपही मोडायचा, त्याचे पैसे वेगळे लावायचा, आणि लोक वर बक्षिसी द्यायचे. हात बसल्यावर तो मिनिटांत दार उघडू लागला, तर बक्षिसी थांबली आणि पैशांवरून कुरबूर सुरू झाली. आपण कौशल्याचे नव्हे, घामाचे पैसे मोजतो. लबाड माणूस म्हणूनच ड्रिलचा आवाज करतो, कपाळ पुसतो, ‘फार हार्ड लॉक आहे’ म्हणतो. मीही त्या दिवशी त्याला पाणी विचारलं होतं!

याच्या उलट टोकाला ‘चावीवाले सगळे चोरच’ असं म्हणणारे आहेत. तेही खरं नाही. कानशीने किल्ली घासून देणाऱ्या नाक्यावरच्या माणसाला तिथेच रोज बसायचं असतं, त्याला बदनामी परवडत नाही. सावध राहायचं ते दारावर हाक देत येणाऱ्या अनोळखी माणसांपासून. कपाटाची चावी करतो म्हणतात, मग तेल आणा, चावी गॅसवर तापवून आणा असं सांगून घरच्यांना आत पाठवतात आणि तेवढ्यात लॉकर साफ करतात. ‘कुलूप गरम आहे, संध्याकाळपर्यंत उघडू नका’ हे त्यांचं जाताजाताचं वाक्य. अशा तक्रारी आपल्याकडच्या पोलीस ठाण्यांना नव्या नाहीत. कपाटाचं काम असेल तर दागिने आधी हलवा; ते आतच अडकले असतील तर काम संपेपर्यंत जागचे उठू नका.

राहिलं बिल. ‘एवढ्याशा कामाचं कसलं बिल’ हे ऐकून घेऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेचं बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. नवं लॅच बसवलं तर त्याचा खोका मागा. त्यावर एमआरपी छापलेली असते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि माणूस दारात उभा राहून दमदाटी करत असेल तर ११२.

नाक्यावरच्या चावीवाल्याचा नंबर आजच घेऊन ठेवा आणि एक जादा किल्ली विश्वासाच्या घरी द्या. माझी आता तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे असते.