मालिका पाहून याने देव सोडला म्हणे!

स्टार प्रवाहवर २०१९ साली ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ ही मालिका सुरू झाली आणि आमच्या घरी ती रोज लागू लागली. तेव्हापासून माझ्या धर्माबद्दल नातेवाइकांत बऱ्याच वावड्या उठल्यात. त्यांचा आणि काही जुन्या समजांचा एकदाच निकाल लावतो.

गैरसमज : मालिका पाहून हा नास्तिक झाला.
वस्तुस्थिती : देवघर जागेवर आहे, सकाळची उदबत्तीही चुकत नाही. मात्र महाडचा भाग पाहून मी धनंजय कीरांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं चरित्र काढून बसलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्याले. नगरपालिकेने ते तळं १९२४ मध्येच सर्वांना खुलं केलं होतं. तरी नंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घालून, मंत्र म्हणून ते ‘शुद्ध’ करून घेतलं. पुढे भावाच्या वास्तुशांतीत गुरुजींनी पंचगव्य पुढे केलं, तेव्हा माझा हात काही पुढे झाला नाही. बातमी तिथून फुटली. देवावर माझा राग नाही. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटतं आणि शेणाने शुद्ध होतं, हा हिशेब मला आता पटत नाही, इतकंच.

गैरसमज : महाडला मनुस्मृती जाळली तो निव्वळ ब्राह्मणद्वेष.
वस्तुस्थिती : २५ डिसेंबर १९२७ ला ती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मणच होते.

गैरसमज : नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह रामाच्या दर्शनासाठी होता.
वस्तुस्थिती : मीही तसंच धरून चाललो होतो. २ मार्च १९३० ला सुरू झालेला हा लढा पुढे काही वर्षं चालला. पण १९३४ मध्ये सहकारी भाऊराव गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेब स्पष्टच सांगतात, की अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हे केलेलं नाही. त्यांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी, अंगात बळ यावं म्हणून केलं. म्हणजे प्रश्न देवळाच्या दाराचा होता, आतल्या मूर्तीचा नव्हे. दर्शनाच्या रांगेत अर्धं आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला हे पचवायला वेळ लागला.

गैरसमज : बाबासाहेबांचं धर्मांतर रागाच्या भरात झालं.
वस्तुस्थिती : धर्मांतराची येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, नागपूरची बौद्ध धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मध्ये एकवीस वर्षं आहेत.