आजोबांच्या कानात काय घालावे?

संध्याकाळी कळंबा तलावाकडे फिरायला आलेले एक आजोबा व त्यांचा नातू डोळ्यांसमोर आणा. नातू म्हणतो, "आजोबा, सात वाजले!" आजोबा विचारतात, "हात? काय झालं हाताला?" दोघेही हसतात. पण असे वारंवार घडू लागले, की आजोबा बोलणेच कमी करतात.

नातवाच्या कानात गाणी ऐकण्याचे बिनतारी इअरबड आहेत. त्याच्या मनात येते, हेच आजोबांना दिले तर? महागडे श्रवणयंत्र हवेच कशाला?

प्रश्न चांगला आहे. उत्तरासाठी आधी कानात डोकावू या. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखे कर्णावर्त असते. त्यातील केशपेशी ध्वनी टिपतात. शंखाच्या तोंडाजवळच्या पेशी उच्च वारंवारतेचे ध्वनी टिपतात, तर आतल्या टोकाच्या पेशी कमी वारंवारतेचे. वयामुळे किंवा सततच्या गोंगाटामुळे बहुधा तोंडाजवळच्या पेशी आधी निकामी होतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. 'आ', 'ओ' हे स्वर जोरकस व कमी वारंवारतेचे आहेत. 'स', 'श' क्षीण व उच्च वारंवारतेचे. म्हणून आजोबांना आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. 'सात'मधला 'स'च हरवतो!

मग सगळाच आवाज मोठा केला तर? उसाच्या ट्रॅक्टरचा भोंगा असह्य होईल. म्हणून श्रवणतज्ज्ञ प्रत्येक कानाची निरनिराळ्या वारंवारतांना चाचणी घेऊन आलेख काढतात. एखाद्या वारंवारतेला ४० डेसिबेलची उणीव म्हणजे काय? तेथे ध्वनीची तीव्रता १०,००० पट वाढवावी तेव्हा तो जेमतेम ऐकू येतो! श्रवणयंत्रातील चिमुकला संगणक या आलेखाप्रमाणे हळू आवाज जास्त व मोठा आवाज कमी वाढवतो. पूर्वीच्या, खिशात ठेवायच्या डबीला हे इतके बारकाईने जमत नसे.

ध्वनिग्राहक, वर्धक व ध्वनिक्षेपक इअरबडमध्येही असतात. मग त्यालाही आलेख शिकवला तर? तसे झालेही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲपलच्या 'एअरपॉड्स प्रो २'साठी श्रवणयंत्राची आज्ञावली मान्य केली. मात्र ती १८ वर्षांवरील, सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्यांसाठीच.

बाजारातील प्रत्येक इअरबडला ही सोय नसते. शिवाय इअरबडची विजेरी काही तासांतच संपते. श्रवणयंत्र सकाळपासून रात्रीपर्यंत चालते. दोष तीव्र असेल तर इअरबडची शक्ती अपुरी पडते. लहान मुलांच्या बाबतीत तर तज्ज्ञांशिवाय काहीच करू नये. ऐकू आले नाही तर बोलणेही मागे पडते.

घरी एक प्रयोग करा. आजोबांच्या मागे दोन मीटरवर उभे राहून नेहमीच्या आवाजात 'सात', 'हात', 'भात' हे शब्द उलटसुलट क्रमाने म्हणा. ते गोंधळले, तर त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. मुंबईत १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणतज्ज्ञ घडवण्याचेही काम करते.

तेव्हा, यंत्र कोणते, हा दुसरा प्रश्न. तपासणी हा पहिला. कधी कधी कानात नुसता मळ साचलेला असतो. तो निघाला, की आजोबांना श्रवणयंत्रही नको आणि तुमचे इअरबडही नकोत!

आणि हो, त्या इअरबडचा आवाज तेवढा कमी करा. केशपेशी तुमच्याही पुन्हा उगवणार नाहीत.